मसाईच्या पठारावर पट्टे आवळताना

पन्हाळा ते पावनखिंड चालायचं ठरलं, की आमच्याकडे पहिला वाद पायताणावरून होतो. तारीख, जेवण, मुक्काम हे सगळं नंतर. कुणी म्हणतं, डोंगरात बुटाशिवाय जायचंच नाही. कुणी म्हणतं, गावातली माणसं साध्या स्लिपरवर फिरतात, मग आपल्याला कशाला काय हवं? माझं मत ठाम आहे. या वाटेवर, आषाढातल्या पावसात, टाचेमागून पट्टा येणारी मापाची सँडल बुटापेक्षा सरस. फक्त तिचं माप दुकानात अर्धंच लागतं. उरलेलं अर्धं वाटेवर, पट्टा पुन्हा पुन्हा सोडून आणि बांधून लावावं लागतं. हे ज्याला जमत नाही किंवा ज्याला त्याचा कंटाळा येतो, त्याने बूटच घालावेत.

वाट कसली आहे ते आधी सांगते. १६६० साली पन्हाळ्याला पडलेल्या सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज १२ जुलैच्या रात्री राजदिंडीच्या वाटेने निसटले आणि विशाळगडाकडे निघाले. आषाढी पौर्णिमा होती, पण चंद्र ढगांआड आणि पाऊस कोसळत होता. पाठलाग करणाऱ्यांना बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांच्या माणसांनी घोडखिंडीत रोखून धरलं, आणि ती खिंड पावनखिंड झाली. आजही दरवर्षी त्या दिवसांत शेकडो माणसं हे पन्नासेक किलोमीटर चालतात, बहुतेक दोन दिवसांत. वाटेत जांभ्याचे सडे लागतात, लाल मातीच्या निसरड्या घसरणी लागतात, भातखाचरांचे बांध लागतात आणि ओढे तर इतके, की पाय कोरडा ठेवायचा विचार सुरुवातीच्या म्हाळुंगे गावापर्यंतच सुटतो.

बुटाची अडचण इथेच येते. ओढा घोट्याच्या वर असला की पाणी बुटात वरून शिरतं. जलरोधक अस्तराच्या महागड्या बुटात तर जास्तच पंचाईत, कारण बाहेरचं पाणी आत येऊ न देणारं अस्तर आतलं पाणीही बाहेर जाऊ देत नाही. मग दिवसभर पाय त्या पाण्यात भिजतो, कातडी पांढरी पडून सुरकुतते, मऊ होते आणि मोज्याच्या शिवणीवर सोलवटते. दुसऱ्या दिवशी बोटांच्या बेचक्यांत चिखल्या सुरू होतात. भात लावणाऱ्या कुणालाही विचारा, चिखल्या झालेल्या पायाने चालणं काय असतं ते. सँडलमध्ये पाय भिजतो, पण पाणी आलं तसं निघून जातं आणि पठारावरच्या वाऱ्यात बोटं सुकायला लागतात.

ही सँडल जन्मलीच मुळी नदीवर. १९८४ साली अमेरिकेत ग्रँड कॅन्यनमध्ये कोलोरॅडो नदीवर वाटाड्या म्हणून काम करणाऱ्या मार्क थॅचरने साध्या स्लिपरला घोट्याभोवती वेल्क्रोचा पट्टा जोडला, आणि त्यातून ‘टेव्हा’ आली. स्लिपर प्रवाहात वाहून जाते आणि बूट पाण्याने भरून जड होतो, या दोन्हींवर त्याने काढलेला तो उपाय. पुढे १९८९ मध्ये नदीवरच्याच मार्क पेजन या दुसऱ्या वाटाड्याने ‘चाको’ काढली. तिच्यात एकच लांब पट्टा तळव्याच्या पोटातून आरपार फिरतो, आणि एक टोक ओढलं की सगळीकडे घट्ट होत जातो. आज आपल्याकडे मिळणाऱ्या डोंगरी सँडली, देशी असोत की परदेशी, बहुतेक या दोन घराण्यांतल्याच. बोटं झाकणाऱ्या सँडली नंतर आल्या. त्यांच्याबद्दल पुढे बोलते.

या वर्षी माझी भाची पहिल्यांदा येणार होती. तिच्यासाठी सँडल घ्यायला महिनाभर आधीच गेलो, आणि संध्याकाळीच गेलो. दिवसभर उभं राहून पाय थोडा फुगलेला असतो, आणि वाटेवर तो तसाच असणार. निघायच्या आधी घरी तिला कागदावर उभं करून दोन्ही पायांची आखणी काढली होती. पेन्सिल सरळ उभी धरायची, तिरकी झाली की माप चुकतं. तिचा उजवा पाय डाव्यापेक्षा जरा लांब निघाला. असं बहुतेकांचं असतं, आणि माप मोठ्या पायाचं धरायचं.

दुकानात तिने रंग बघून एक जोडी उचलली.

“मावशी, ही बघ ना. किती हलकी आहे.”

“आधी कागद ठेव तिच्यावर.”

कागदातला पाय कापून घेतला होता, तो सँडलच्या तळव्यावर ठेवला. करंगळी कडेच्या बाहेर गेली. बुटात हे कळत नाही, कारण कापड ताणून घेतं. सँडलमध्ये पायाची सगळी रेघ तळव्याच्या कडेच्या आत बसली पाहिजे. अंगठ्यापुढे साधारण एक सेंटिमीटर आणि टाचेमागे थोडीशी जागा उरली पाहिजे. त्याहून जास्त नको, कारण पुढे आलेला तळवा मुळांत अडकतो, दुमडतो आणि माणूस तोंडावर पडतो. कमी असेल तर अंगठा थेट दगडावर. आपल्याकडे आकडे बहुधा ब्रिटिश मापाचे असतात. त्यात एका आकड्याने लांबी सुमारे साडेआठ मिलिमीटरने वाढते. युरोपीय मापात ती वाढ सात मिलिमीटरच्याही आत असते. त्यामुळे पाचात आखूड आणि सहात लांब होणारा पाय युरोपीय आकड्यांत कधी कधी नेमका बसतो. भाचीचं तसंच झालं.

मग पट्टे. तिने आधी टाचेचा पट्टा करकचून आवळला, जसं सगळेच करतात. मी तो सोडायला लावला. टाचेचा पट्टा टाचेला मागे निसटू देत नाही, एवढंच त्याचं काम. उतारावर पाय पुढे सरकू न देणं हे काम पावलाच्या उंचवट्यावरून जाणाऱ्या मधल्या पट्ट्याचं. म्हणून टाच तळव्यावर मागे नीट बसवायची आणि आधी मधला पट्टा बांधायचा. मग टाचेचा, आणि चवड्यावरचा सगळ्यात शेवटी. तो एक बोट आत जाईल एवढा सैल ठेवायचा, कारण चालताना चवडा पसरतो. बायकांची टाच चवड्याच्या मानाने अरुंद असते. पुरुषांच्या साच्यावर रंग बदलून विकलेल्या सँडलमध्ये टाचेचा पट्टा शेवटपर्यंत ओढला तरी ढिला राहतो. अशी जोडी कितीही आवडली तरी घ्यायची नाही. पट्टा पुरता ओढल्यावरही हातात थोडं टोक उरलं पाहिजे, कारण भिजल्यावर तो आणखी सैल होणार. नायलॉनचा पट्टा पाणी पिऊन जास्त ताणतो, पॉलिएस्टरचा कमी. पट्टा कशाचा आहे ते दुकानदाराला विचारायचं आणि लेबलही बघायचं.

पट्टा हाडावर येतो का, हेही तिथेच बघून घेतलं. अंगठ्याच्या मुळाशी, करंगळीच्या मुळाशी आणि घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडं वर येतात, त्यांच्यावरून पट्टा किंवा त्याची कडी गेली की सँडल चावणार हे नक्की. भाचीच्या पायात एका जोडीची कडी बरोबर करंगळीच्या हाडावर बसत होती. दुकानात ते नुसतं टोचल्यासारखं वाटतं, दहा किलोमीटरनंतर तिथे फोड येतो. पट्ट्याची कड कशी आहे ते मनगटाच्या आतल्या बाजूवर घासून कळतं. तिथे खरखरीत वाटली तर ओल्या पायावर ती करवतच.

दुकानाबाहेर गाड्या चढवायचा सिमेंटचा उतार होता. त्यावरून तिला उलटसुलट चालायला लावलं. उतरताना बोटं पुढच्या कडेबाहेर आली की मधला पट्टा आणखी आवळायचा, आणि तरीही येत असतील तर ती जोडी परत. मग बाटलीतलं पाणी थोडं तळव्यावर ओतून पुन्हा एकदा तो उतार. काही सँडलींचा आतला तळवा गुळगुळीत असतो. कोरडा असताना मऊ, छान वाटतो, आणि ओला झाला की पाय सँडलच्या आतच घसरतो. खालचा सोल दगडाला कितीही धरून असला, तरी मग त्याचा काही उपयोग नाही. दुकानातल्या मुलाने फडकं आणून दिलं आणि तोही बघत उभा राहिला. असं पाणी ओतून बघणारं गिऱ्हाईक त्याला नवं असावं, पण पुढची जोडी त्याने स्वतःच ओली करून दिली.

सोल दोन्ही हातांत धरून वाकवायचा. तो चवड्याच्या रेषेत वाकला पाहिजे, मधोमध नाही. मग फडकं पिळतो तसा पिळून बघायचा. सहज पिळला जात असेल तर बांधावरून तिरकं चालताना पाय मुरगळणार. खालचे दाते ४ ते ५ मिलिमीटर खोल आणि एकमेकांपासून लांब लांब हवेत. दाट दात्यांत लाल माती बसते आणि चार पावलांत सोल सपाट होतो. रबरावर नख दाबून बघायचं. नख थोडं रुतलं तर ओल्या दगडावर पकड चांगली मिळते, फक्त ते रबर लवकर झिजतं. मी झिजणारं रबर घेते. निसरड्या वाटेवर पकड हवी, टिकाऊपणा दुय्यम.

घेतल्यावर ती जोडी घरात ठेवून दिली नाही. पर्वतीच्या पायऱ्या, तळजाईची टेकडी आणि एकदा पाठीवर सामान घेऊन सिंहगड. पायाला पट्ट्याची आणि पट्ट्याला पायाची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो.

चालायच्या दिवशी कोल्हापूरला पहाटे उतरलो. गटातल्या एका काकांच्या सँडलचा पट्टा जिथे सोलमध्ये जातो तिथे उसवला होता, म्हणून स्टँडजवळ मोची हुडकला. त्यांनी जोडी उलटीपालटी करून बघितली, आरी घेतली आणि मेण लावलेल्या दुहेरी दोऱ्याने बघता बघता तिथे चौकोनी टाका घातला. वर म्हणाले, “नुसतं चिकटवल्यालं टिकत न्हाई वो पावसात. शिवूनच घ्यायचं.” पट्टा सोलच्या आतून जातो, बाजूला शिवलाय की नुसता गोंदाने चिकटवलाय, हे मी त्या दिवसापासून दुकानात सगळ्यात आधी बघायला लागले. त्यांच्या टपरीत कोल्हापुरीचे दोन जोड दुरुस्तीला आले होते, कानवाले, वेणीचे. २०१९ साली कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांना. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं ते चामडं उन्हातान्हात वर्षानुवर्षं टिकतं आणि पायाचा आकार घेतं. पण पावसात ती कुणी घालत नाही. पाणी पिऊन ते फुगतं आणि टाके ढिले पडतात. कोल्हापूरकर ती आषाढ लागायच्या आत तेल लावून उचलून ठेवतात.

पन्हाळ्यावरून राजदिंडीने उतरायला लागलो तेव्हा धुकं इतकं होतं की पुढच्याची फक्त पिशवी दिसत होती. पहिलाच उतार, आणि मधला पट्टा किती आवळायचा ते इथे ठरतं. उतरायच्या आधी सगळ्यांना थांबवून तो एका बोटाने जास्त आवळायला लावला. म्हाळुंगे मागे पडलं आणि मसाईचा चढ लागला, तेव्हा पुन्हा थांबून तोच पट्टा सैल केला. चढताना पाऊल वाकतं, आवळलेला पट्टा वरची शीर दाबतो आणि बोटांना मुंग्या येतात. चढाला सैल, उताराला घट्ट. बुटाची नाडी भिजून गाठ बसली की ती सोडायला कुणी थांबत नाही. सँडलचा पट्टा मात्र हाताच्या एका झटक्यात बदलतो, आणि तिचा खरा फायदा मला हाच वाटतो.

मसाईचं पठार हा या वाटेचा सगळ्यात मोकळा भाग. जांभ्याचा खडबडीत सडा दूरवर पसरलेला, त्याच्या खळग्यांत पाणी आणि सगळीकडे वारा. ओल्या जांभ्यावर पाय घसरत नाही, त्याच्या बारीक भोकांत रबर रुततं. त्रास वेगळाच होतो. खडी आणि लाल वाळूचे कण तळवा आणि पाय यांच्यामध्ये शिरतात आणि चवड्याखाली कातडी सोलतात. हे कण झटकून जात नाहीत. साचलेल्या पाण्यात सँडलसकट पाय बुडवायचा आणि मागेपुढे हलवायचा, की धुऊन जातात. पठारावर गुरं घेऊन बसलेल्या एका आजींनी भाचीच्या पायाकडे बघितलं.

“पोरी, पाय सुजल्यात तुजं. पट्टा सैल कर की गं जरा.”

भाचीने खाली बघितलं तर पट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी कातडी फुगून वर आली होती. तासन्‌तास चाललं की पाय फुगतोच, सकाळचं माप दुपारी राहत नाही. आजींच्या स्वतःच्या पायात प्लॅस्टिकचे साधे बूट होते, टाचेकडे कापून सैल केलेले. भाचीने चवड्याचा पट्टा सोडून पुन्हा लावला. आजी ते होईपर्यंत थांबल्या आणि मगच गुरांमागे गेल्या.

पठार उतरून कुंभारवाडी, खोतवाडीच्या बाजूला आलो की भातखाचरं सुरू होतात. लावण चालू होती. इरली पांघरलेल्या बायका वाकून ओळीने मागे सरकत होत्या, आणि एका खाचरात पॉवर टिलर चिखलणी करत होता. बांधावरून चालायचं, कडेवर पाय टाकायचा नाही, कारण बांध ढासळला तर पाणी फुटून त्यांचं काम वाया जातं. इथे सँडलची खरी परीक्षा होते. पाय चिखलात घोट्यापर्यंत रुतला की चिखल सँडल खाली धरून ठेवतो. पाय सरळ वर उपसला तर पट्ट्याच्या मुळाशी सगळा ताण येतो आणि पट्टा तुटायचा तो तिथेच तुटतो. आधी टाच किंचित फिरवायची, हवा आत गेल्याचा आवाज येतो, मग टाच वर आणि शेवटी बोटं. लावणीच्या बायका अनवाणी होत्या, तरी पाय अस्साच काढत होत्या.

वेल्क्रो इथेच हार मानतो. कुत्र्याच्या अंगाला चिकटलेल्या काटेरी फळांवरून स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्रालला तो सुचला. एका बाजूला बारीक आकडे, दुसऱ्या बाजूला मऊ फासे. आकड्यांत चिखल भरला की धरायला काही उरत नाही. भाचीचा टाचेचा पट्टा दोनदा आपोआप उघडला. ओढ्यावर बसून मी तिला जुन्या दातब्रशने आकडे घासून दाखवले. ब्रश कोरडा चालत नाही, पाण्यात धरून आकड्यांच्या वाकाच्या उलट दिशेने घासायचा. मग फासांची बाजू, आणि बांधायच्या आधी दोन्ही एकदा झटकायच्या. पट्ट्यावर बोट फिरवलं की आकडे पुन्हा खरखरीत लागतात, तेव्हा झालं. खाचरांच्या वाटेसाठी मी कडीचा पट्टा पसंत करते. त्याला चिखलाचं काही वाटत नाही. पण तो सैल-घट्ट करायला दोन्ही हात लागतात. शिवाय दिवसातून इतक्या वेळा बांधायचा कंटाळा करणाऱ्याला वेल्क्रोच परवडतो, तो निदान बांधला तरी जातो.

मुक्काम करपेवाडीत एका घराच्या पडवीत. गेल्या गेल्या पाय धुतले, बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या केल्या, खोबरेल चोळलं आणि कोरडे मोजे घातले. रात्रभर पाय कोरडा राहिला की दुसरा दिवस निभतो. गटातल्या एकाने सँडल चुलीजवळ ठेवली होती, ती मी उचलून वळचणीला वाऱ्यावर टांगली. धगीने गोंद सुटतो.

सँडलच्या मर्यादाही सांगायला हव्यात. दुसऱ्या दिवशी पाटेवाडीच्या पुढे झाडीत करवंदीचा काटा एकाच्या बोटाला बाजूने शिरला. बोटं झाकणारी सँडल तिथे बरी, पण तिच्यात खडे अडकून बसतात आणि ते काढायला ती पूर्ण उतरवावी लागते. म्हणून या वाटेवर मी उघडीच वापरते. सापाच्या दिवसांत गवतातून चालताना काठी पुढे आपटत जायचं, आणि अंधार पडल्यावर सँडलवर झाडीत शिरायचंच नाही. पाठीवर दहा-बारा किलोंच्या वर ओझं असेल, घोटा पूर्वी मुरगळलेला असेल किंवा मधुमेहाने पायाची जाणीव कमी झालेली असेल, तर माझा सल्ला बुटाचाच. तळव्याला लागलेलं ज्याला कळत नाही, त्याने पाय उघडा ठेवू नये.

पांढरेपाण्याहून खिंडीकडे गेलो तेव्हा पाऊस जरा थांबला होता. खिंडीत उतरायच्या पायऱ्यांवर आणि खालच्या काळ्या कातळावर हिरवं बुळबुळीत शेवाळ होतं. त्यावर कुठलंच रबर धरत नाही, पन्नास रुपयांचं नाही आणि पाच हजारांचंही नाही. तिथे पाऊल सपाट ठेवून, गुडघे वाकवून, कठड्याला धरून उतरायचं. भाची मध्येच थांबली, खाली बसली आणि मधला पट्टा आवळून उठली. मी काही बोलले नव्हते. मग आम्ही सगळे खाली उतरलो, बाजीप्रभूंना आणि तिथे पडलेल्या सगळ्यांना नमस्कार केला आणि ओढ्याच्या आवाजात बराच वेळ उभे राहिलो.

घरी आल्यावर दोन्ही जोड्या साध्या साबणाने घासल्या, दात्यांतली लाल माती काडीने काढली आणि गॅलरीत सावलीत वाळत घातल्या. माझ्या जोडीचे टाचेच्या बाहेरच्या कडेचे दाते आता जवळजवळ सपाट झालेत. पॉलियुरेथेनचा सोल वर्षानुवर्षं दमट कपाटात पडून राहिला, तर न वापरताही आतून भुसभुशीत होतो आणि एक दिवस वाटेत सुटून येतो. म्हणून ही जोडी जपून ठेवणार नाही. बाजारहाटाला वापरून संपवणार, आणि चैत्रात नवी घ्यायला पुन्हा कागद, पेन्सिल आणि पाण्याची बाटली घेऊन जाणार.